फोंड्यात घरी येऊन शिकवणाऱ्या डॉग ट्रेनर, आमच्या तिन्ही कुत्र्यांचा अनुभव

आमच्या घरात तीन कुत्रे आणि तिघांची वयं तीन टोकांची. देवळाजवळून आणलेलं गावठी पिल्लू चिकू, सव्वा वर्षाचा लॅब्राडोर ब्रुनो आणि 11 वर्षांची राणी. गोव्यात, आमच्या फोंड्यात घरी येऊन शिकवणारं कोणी आहे का असं ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ट्रेनर मॅडमचं नाव-नंबर उघड टाकत नाही, हवा असेल तर मला मेसेज करा.

सगळ्यात आवडलं ते हे की तिघांना एकच सिलॅबस नाही लावला. पहिल्या भेटीत तर त्यांनी एकही कमांड दिली नाही, नुसत्या बसून बघत होत्या कोण कुठे झोपतं, कोणाला खायला कोण घालतं, बेल वाजली की पहिलं कोण भुंकतं, आणि मग प्रत्येकाचं वेगळं सांगितलं.

चिकूच्या बाबतीत त्यांना सगळ्यात घाई होती. पिल्लाचं साधारण 3 ते 14 आठवड्यांचं वय म्हणजे जग ओळखायचं वय, तेव्हा जे बघितलं त्याची पुढे भीती कमी वाटते, आणि नेमके तेव्हाच लसी पूर्ण झालेल्या नसतात म्हणून आपण त्याला घरात कोंडून ठेवतो. मॅडम म्हणाल्या पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या संसर्गाची, भीती खरी आहे, खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन फिरवा की! मग आम्ही त्याला उचलून मार्केटला नेलं, बसस्टँडजवळ उभे राहिलो, हेल्मेटवाले, छत्रीवाले, रेनकोटवाले सगळे दाखवले आणि प्रत्येक वेळी तोंडात चिकनचा बारीक तुकडा. शू-शीचंही साधं गणित दिलं, जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, जास्तीत जास्त तितके तास पिल्लू धरू शकतं, आणि झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचंच. पावसात बाहेर कुठे नेणार म्हणून बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, एक ठरलेला कोपरा करून दिला. घरात कुठे झालंच तर ओरडायचं नाही, एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसायचं, नाहीतर वास राहतो आणि तो परत तिथेच जातो.

ब्रुनोचं काम खरं कठीण होतं. आधी दुसरे एक ट्रेनर लावले होते, त्यांनी चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घालून झटके दिले आणि "त्याला कळायला पाहिजे बॉस कोण" हे एकच वाक्य लावून धरलं. त्यानंतर ब्रुनो पट्टा बघितला की पलंगाखाली जायचा, ते बघून जीव तुटायचा. मॅडमनी चेन काढून हार्नेस लावायला सांगितलं आणि शांतपणे समजावलं की हे अल्फा, म्हणजे कळपाचा बॉस, प्रकरण बंदिस्त लांडग्यांना बघून आलेलं आहे. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1999 च्या पेपरात लिहिलंय की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे बॉस व्हायची मारामारी नसतेच. ब्रुनोने ओढलं की आपण थांबायचं, पट्टा सैल झाला की चालायचं, बस. अख्ख्या घराने हे पाळायचं, आजोबांनीसुद्धा, नाहीतर काही उपयोग नाही.

आणि पोदेर, म्हणजे आमचा पाववाला! सकाळी सायकलवर पों पों आला की ब्रुनो गेटवर चढून नुसता थयथयाट करायचा. मॅडमनी त्या हॉर्नचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतला, अगदी बारीक आवाजात लावायचा, आवाज आला की लगेच चिकन, आवाज बंद की चिकनही बंद, मग हळूहळू आवाज वाढवायचा. ब्रुनो भुंकायला लागला तर आपण घाई केलीय असं समजून परत आवाज कमी. आता खरा हॉर्न वाजला की तो गेटकडे न धावता माझ्या हाताकडे बघतो, आणि पोदेरसुद्धा गेटपाशी बिनधास्त उभा राहून पाव देतो.

राणीला शिकवायला त्या आधी तयारच नव्हत्या. ती बसायला सांगितलं की बसत नाही आणि चिकू जवळ गेला की गुरगुरते हे ऐकून म्हणाल्या आधी व्हेटकडे न्या. एक्स-रेत मागच्या पायांचे सांधे झिजलेले निघाले, म्हणजे बिचारीला बसताना दुखत होतं आणि आम्ही हट्टीपणा समजत होतो. औषध सुरू झाल्यावर फरशीवर घसरू नये म्हणून मॅट टाकले, "सिट" काढूनच टाकलं, आणि ऐकू कमी येतं म्हणून हाताच्या खुणा शिकवल्या. शिकलीही पटापट. तिचा आवडता खेळ म्हणजे तीन करवंट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली चिकन, नाकाने हुंगून बरोबर तीच ढकलते आणि मग शेपटी थांबत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला काय शिकवणार असं म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं.

कमी पडलं तेही सांगते. फी एका भेटीची हजाराच्या वर आहे, तीन कुत्रे असले तरी सूट नाही. मेसेजला उत्तर उशिरा येतं. जोराचा पाऊस असला की येत नाहीत, ते समजू शकते. काय करायचं ते लेखी देत नाहीत, आपणच व्हिडिओ काढून ठेवायचे. आणि रोजचा सराव, पाच-पाच मिनिटं का होईना, घरच्यांनाच करावा लागतो, नुसते पैसे भरून कुत्रा शिकून येणार असं वाटत असेल तर ही सर्व्हिस तुमच्यासाठी नाही.

फटाक्यांना घाबरणारा कुत्रा असेल तर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर फोन करू नका, आवाजाची सवय लावायला आठवडे लागतात. जून-जुलैतच बोलून घ्या, म्हणजे चवथही निभावते आणि दिवाळीतली नरकासुराची रात्रही.