डीआरबी-३ स्कॅनर: स्किम बदलायचं तर हाच, पण पिन हातात ठेवून

स्किम म्हणजे किल्लीतली चिप ओळखून मगच इंजिन चालू राहू देणारं चोरीरोधक मॉड्यूल. ते असलेल्या १९९९ ते २००४ च्या जीप ग्रँड चेरोकीत हे मॉड्यूल बदलणं हे पान्या-स्क्रू ड्रायव्हरचं काम म्हणून किरकोळ आहे. स्टिअरिंग कॉलमची कव्हरं काढायची, कुलपाभोवतीच्या कडीसकट जुनं मॉड्यूल उतरवायचं, नवं चढवायचं. कडी म्हणजेच अँटेना आणि ती मॉड्यूललाच जोडलेली असते, त्यामुळे कडी गेली तरी अख्खं मॉड्यूलच घ्यावं लागतं. पण नव्या मॉड्यूलला ना किल्ली ठाऊक असते ना गाडी. ती ओळख करून द्यायला क्रायस्लरचा जुना डीआरबी-३, म्हणजे गाडीला जोडून तपासणी आणि प्रोग्रॅमिंग करायचा स्कॅनर, मला आजही सगळ्यात भरवशाचा वाटतो.

मेनू सरळ आहे. 'थेफ्ट अलार्म', मग 'स्किम', मग 'मिसलेनियस', आणि तिथे 'स्किम मॉड्यूल रिप्लेस्ड'. गाडीचा चार आकडी पिन टाका, देशाचा कोड निवडा, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) अपडेट करू का विचारलं की 'येस'. व्हीआयएन पीसीएममधून, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरमधून, आपोआप येतो. शेवटी एंटर दाबलं की पीसीएम आपल्याकडचा गुप्त कोड नव्या स्किमला देतो. या पायरीसाठीच हा स्कॅनर हवा. नुसतं किल्ल्या जोडता येणारं उपकरण इथे उपयोगाचं नाही.

तोच कोड किल्लीच्या चिपमध्येही असतो, म्हणून स्किम बदललं तरी जुन्या किल्ल्या चालतात, फक्त पुन्हा शिकवाव्या लागतात. पीसीएम आणि स्किम एकदम बदललं तर मात्र जुना कोड द्यायला कोणीच उरत नाही आणि सगळ्या किल्ल्या नव्या घ्याव्या लागतात. एकाच वेळी दोन्ही बदलायचा मोह म्हणूनच महागात पडतो.

तक्रार आहे ती देशाच्या कोडबद्दल. तो चुकला तर दुरुस्ती नाही, स्किम फेकून दुसरं आणायचं. इतक्या गंभीर पायरीवर स्कॅनरने दोनदा विचारायला हवं होतं. पिनचंही तसंच: लागोपाठ तीनदा चुकला की तासभर कुलूप, आणि तो तास इग्निशन 'रन'वर ठेवूनच मोजला जातो. दिवे, रेडिओ, पंखा सगळं बंद करा. बॅटरीबद्दल जराही शंका असेल तर आधीच चार्जर लावा.

किल्ल्या शिकवताना येणारे संदेश बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. 'प्रोग्रॅमिंग की फेल्ड' आलं तर बहुधा ती दुसऱ्या गाडीची वापरलेली किल्ली असते. चिप एका गाडीशी एकदाच बांधली जाते, त्यामुळे स्वस्तात मिळालेली जुनी किल्ली कापून दार उघडेल, इंजिन चालू राहणार नाही. दोन सेकंदांत बंद पडेल. स्किममध्ये जास्तीत जास्त आठ किल्ल्या मावतात. काम झाल्यावर स्किमचा दिवा पाहा: इग्निशन चालू करताच साधारण तीन सेकंद लागून विझला तर ठीक. लुकलुकला तर गडबड किल्लीची, विझलाच नाही तर सिस्टिमची.

पडदा लहान आहे, कॅनवर (गाडीतल्या मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या नव्या नेटवर्कवर) चालणाऱ्या पुढच्या गाड्यांना याचा उपयोग नाही. आणि फक्त एक जादा किल्ली हवी असेल तर स्कॅनरच नको, मात्र स्किममध्ये अमेरिकेचा देश कोड असायला हवा आणि दोन चालू किल्ल्या हाताशी हव्यात. पहिली किल्ली तीन ते पंधरा सेकंद 'ऑन' ठेवून बंद करा, पंधरा सेकंदांच्या आत दुसरी घालून 'ऑन' करा. दहाएक सेकंदांनी दिवा लुकलुकेल, घंटी वाजेल. मग मिनिटभराच्या आत कापलेली कोरी किल्ली घालून 'ऑन' करा. दिवा तीन सेकंद स्थिर राहून विझला की किल्ली जोडली गेली.