लेझरची लाइनविड्थ कमी करायचीय: ग्रेटिंग लावू का इंजेक्शन लॉकिंग करू?

सांगलीकडच्या कॉलेजांत रुबिडियमचा सेटअप उभा करणारी पोरं हे हमखास विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. लाइनविड्थ म्हणजे लेझरच्या फ्रिक्वेन्सीचा पसारा.

आधी एक पक्कं डोक्यात घ्या, इंजेक्शन लॉकिंगनं (एका लेझरचा, म्हणजे मास्टरचा, उजेड दुसऱ्यात, म्हणजे स्लेव्हमधे, सोडून त्याला मास्टरच्या फ्रिक्वेन्सीवर चालवणं) लाइनविड्थ आपोआप कमी होत नाही, मास्टर लेझरची जी असेल ती स्लेव्हमधे उतरते. मास्टरच गचाळ असेल तर स्लेव्ह पण गचाळच. त्यामुळं हातात एकच डायोड असेल तर पहिल्यांदा ग्रेटिंगच (बारीक समांतर रेघांचा आरसा), यात माझं दुसरं मत नाही.

780 नॅनोमीटरचा साधा डायोड मोकळा चालवला तर लाइनविड्थ काही मेगाहर्ट्झपासून दहा-वीस मेगाहर्ट्झपर्यंत जाते आणि रुबिडियमची तिथली शोषण-रेषा स्वतःच 6 मेगाहर्ट्झची, मग हायपरफाइन रेषा (एकमेकींच्या अगदी जवळच्या रेषा) नीट वेगळ्या कशा दिसणार? मिलिमीटरला 1800 रेघांची ग्रेटिंग साधारण 45 अंशात लावली की फर्स्ट ऑर्डर (ग्रेटिंगनं वळवलेला पहिला किरण) परत डायोडमधे जाते आणि लाइनविड्थ काहीशे किलोहर्ट्झवर येते, एवढ्यात काम भागतं. त्रास आहे तो हादऱ्यांचा. बाहेरनं उसाचा ट्रॅक्टर गेला की कॅव्हिटी (डायोड ते ग्रेटिंगमधली जागा) हलते आणि मोड (लेझर चालतो ती ठरावीक फ्रिक्वेन्सी) उडी मारतो, म्हणून जड बेस आणि बंद डबा पायजेच.

आता इंजेक्शन लॉकिंग कधी, तर ग्रेटिंगवाला मास्टर तयार आहे पण पॉवर कमी पडतेय, ॲटम ट्रॅप करायचेत, दोन-तीन बीम लागतायत तेव्हा. मास्टरचा मिलिवॉटभर किंवा त्याहून कमी उजेड आयसोलेटरच्या (उजेड एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) बाहेरच्या पोलरायझरच्या साइड पोर्टातनं आत सोडायचा, तो बरोबर स्लेव्हमधे जातो आणि पन्नासेक मिलिवॉटचा स्लेव्ह मास्टरच्या मागं चालायला लागतो. ॲडलरनं 1946 मधे रेडिओ ऑसिलेटरसाठी मांडलेलं गणित इथंही लागू पडतं, लॉकिंग रेंज (स्लेव्ह मास्टरला धरून राहतो तेवढा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आत सोडलेल्या पॉवरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे रेंज दुप्पट पायजे तर पॉवर चौपट. ही रेंज साधारण काही गिगाहर्ट्झच मिळते आणि डायोडचा मोड मात्र एका डिग्रीला तीसेक गिगाहर्ट्झ सरकतो, म्हणून स्लेव्हचं टेंपरेचर डिग्रीच्या शंभराव्या भागात धरून ठेवणारा कंट्रोलर घ्या, आपल्याकडच्या एप्रिल-मेमधे तर त्याशिवाय लॉक टिकतच नाही.

हर्ट्झच्या घरात जायचं असेल तर पाउंड-ड्रेव्हर-हॉल (लेझर एका स्थिर कॅव्हिटीला बांधून ठेवायची पद्धत), पण त्याला चांगली कॅव्हिटी, मॉड्युलेटर आणि फास्ट इलेक्ट्रॉनिक्स लागतं, एमएस्सी प्रोजेक्टला त्याच्या नादाला लागू नका.

आणि मोजताना एक बघा. मास्टर-स्लेव्हचा बीट (दोघांच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकाचा सिग्नल) स्पेक्ट्रम ॲनालायझरवर लय बारीक दिसतो आणि वाटतं लाइनविड्थ जमली, पण दोघांचा नॉइज एकच असल्यानं तो बीटमधे वजा होऊन जातो, त्यावरनं फक्त लॉक चांगला बसलाय एवढंच कळतं. खरी लाइनविड्थ पायजे असेल तर तसाच दुसरा ग्रेटिंग लेझर वेगळा उभा करा आणि त्या दोघांचा बीट घ्या.