एकच दर, बदलता दर की वेळेनुसार दर: आपल्या घराला कोणता परवडेल?

वीजबिल वाढलं की सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते: युनिटचा दर. नवी योजना निवडतानाही तोच आकडा बघून होकार दिला जातो. पण दोन शेजाऱ्यांनी एकच योजना घेतली, दोघांचे युनिटही सारखेच पडले, तरी एकाला ती स्वस्त आणि दुसऱ्याला महाग पडू शकते. कोणी कोणत्या वेळी वीज वापरली, यावर ते ठरतं. म्हणून दरपत्रक उघडण्याआधी मागची बारा बिलं काढून बसा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दोन-तीन बिलांत एकच ऋतू दिसतो, बारा बिलांत वर्ष दिसतं. बिल प्रत्यक्ष रीडिंगवरचं आहे की सरासरीचं, तेही बघून घ्या. सरासरीची बिलं हिशेबात आली, तर पुढची सगळी तुलना चुकते.

स्थिर आकार विसरू नका

स्थिर आकार म्हणजे वापर कितीही असो, दर महिन्याला भरावीच लागणारी रक्कम. चलन कोणतंही धरा. समजा, पहिल्या योजनेत महिन्याला स्थिर आकार १०० आणि युनिटला १०. दुसरीत स्थिर आकार २५० आणि युनिटला साडेआठ. जाहिरातीत दुसरीच स्वस्त दिसेल. पण ८० युनिट वापरणाऱ्या घराला पहिलीत ९०० आणि दुसरीत ९३० पडतात. २०० युनिटांच्या घराला पहिलीत २१०० आणि दुसरीत १९५०. दोन्ही योजना बरोबर १०० युनिटांवर सारख्या होतात. हा आकडा काढायला स्थिर आकारांतल्या फरकाला युनिटच्या दरांतल्या फरकाने भागायचं, एवढंच. ज्यांचा वापर कमी आहे, त्यांनी मोठा स्थिर आकार असलेली योजना टाळावी. त्यात वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे हातात कमी पैसे उरतात, म्हणजे काटकसरीचं फळही घटतं.

मुदतीचा निश्चित दर की बदलता दर

जिथे पुरवठादार निवडता येतो, तिथे हा प्रश्न आधी येतो. निश्चित दरात गोठतो तो युनिटचा दर, बिल नव्हे. वापर वाढला की बिल वाढणारच, आणि करातले बदल बहुधा या हमीबाहेर असतात. बदलत्या दरात बाजार उतरला की फायदा मिळतो, चढला की झळ बसते. मात्र योजना सोडून जाणं बहुतेक वेळा सोपं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. महिन्याचं उत्पन्न ठरलेलं असेल आणि बिल अचानक दीडपट झाल्यावर दुसऱ्या कुठल्या तरी गरजेला कात्री लागणार असेल, तर थोडा चढा असला तरी निश्चित दर घ्यावा. तो जास्तीचा पैसा विम्याच्या हप्त्यासारखा आहे. ज्यांच्या गाठीशी दोन-तीन महिन्यांच्या बिलांची शिल्लक आहे, त्यांनी बदलता दर घ्यायला हरकत नाही. पण निश्चित दराची हमीही पुरवठादार टिकला तरच टिकते. २०२१ मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले, तेव्हा ब्रिटनमधल्या दोन डझनांहून अधिक पुरवठादार कंपन्या बंद पडल्या. त्यांच्या ग्राहकांचा पुरवठा चालू राहिला, पण ठरलेला स्वस्त दर गेला. बाकीच्यांपेक्षा फारच खाली दर देणाऱ्याकडे जाताना हे लक्षात असू द्या.

वेळेनुसार दर: खरा हिशेब इथे आहे

साध्या योजनेतला दर १०० धरू. वेळेनुसारच्या योजनेत दिवसातले आठ तास ६० आणि उरलेले सोळा तास १३०, असं समजा. प्रत्यक्षात तीन-चार टप्पे असतात, पण रीत तीच. तुमच्या वापराचा ४३ टक्के भाग स्वस्त तासांत गेला, तर दोन्ही योजना सारख्या पडतात. त्याहून जास्त गेला तर फायदा, कमी गेला तर तोटा.

आता एक घर घ्या: महिन्याला २४० युनिट, म्हणजे रोज आठ. वीज चोवीस तास समान वापरली जात असेल, तर ३३ टक्के वापर आपोआपच स्वस्त तासांत पडतो आणि साध्या योजनेच्या १०० ऐवजी जवळजवळ १०७ भरावे लागतात. बरोबरीला यायला रोज पाऊण युनिटभर वापर हलवायला हवा. २००० वॉटचा गीझर पंचवीस मिनिटं चालला की साधारण तेवढी वीज लागते. म्हणजे महागाच्या तासांतला गीझर स्वस्त तासांत नेला, तरी तुम्ही फक्त बरोबरीत येता. फायदा सुरू होतो तो त्यापुढे वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गाडीचं चार्जिंग हलवलं तर. इलेक्ट्रिक कार असलेल्या घरात मात्र ती एकटीच पारडं झुकवते, कारण तिची बॅटरी तीस-चाळीस युनिट सहज घेते.

आणि हलवता न येणारा भारही असतो. फ्रिज, पंखे, संध्याकाळचा स्वयंपाक, मुलांच्या अभ्यासाचा दिवा. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असेल, तर ३०० वॉटच्या यंत्राला दिवसाला सात युनिटांहून जास्त वीज लागते आणि त्यातला एकही युनिट पुढे ढकलता येत नाही. अशा घराने या योजनेकडे वळण्याआधी दहादा विचार करावा. उकाड्यात वृद्धांच्या खोलीतला एसी किंवा कडक थंडीत हीटर महाग तास आहेत म्हणून बंद करायची वेळ येणार असेल, तर ती बचत मला मान्य नाही. कपडे वाळवण्याचं यंत्रही सगळे झोपलेले असताना लावू नये, त्यात आगीचा धोका असतो.

घरात हे तास पाळणार कोण, हेही आधी बोलून घ्या. महागाचे तास आणि रात्रीच्या स्वयंपाकाचे तास बहुतेक घरांत एकच असतात. वेळापत्रकाचा सगळा भार जर एकाच माणसावर पडणार असेल, तर ती योजना दोन महिन्यांत मोडते आणि मग बिल पहिल्यापेक्षा चढं येतं.

तासागणिक बदलणारा बाजारभाव

हा पर्याय मी सामान्य घराला सुचवणार नाही. फेब्रुवारी २०२१ मधल्या थंडीच्या लाटेत अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये घाऊक दर युनिटला ९ डॉलरच्या कमाल मर्यादेला टेकला आणि काही दिवस तिथेच राहिला. दर थेट बाजाराला बांधलेल्या ग्राहकांना हजारो डॉलरची बिलं आली. कमाल मर्यादा करारात स्पष्ट लिहिलेली असेल, घरात बॅटरी असेल आणि रोज भाव बघायची तयारी असेल, तरच या वाटेला जा.

स्लॅबची पद्धत असेल तर

इथे योजना निवडायला वाव कमी, पण बचतीला सगळ्यात जास्त. वापर वाढेल तसा पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, त्यामुळे वाचवलेला युनिट सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतो. रोज पाच तास जळणारा ६० वॉटचा जुना बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला, तर वर्षाला ९३ युनिट वाचतात. सतत स्टँडबायवर राहून ५ वॉट खाणारं एक उपकरण वर्षाला ४४ युनिट घेतं. काही ठिकाणी ठरावीक मर्यादा ओलांडली की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तिथे मर्यादेच्या जवळ असलेल्या घराला पाच-दहा युनिटही फार मोलाचे.

निर्णय घेण्याआधी एक आठवडा वही घेऊन बसा. महागाचे तास सुरू होताना आणि संपताना मीटरवरचा आकडा लिहा. स्मार्ट मीटर असेल, तर तासागणिक वापर ॲपमध्येही बघता येतो. मग करार नीट वाचा: मुदत किती, मधेच सोडल्यास दंड किती आणि मुदत संपल्यावर आपोआप कोणता दर लागू होतो. हा शेवटचा दर बहुतेक वेळा बारीक अक्षरात असतो आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात चढा असतो. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख आजच फोनमध्ये टाकून ठेवा.