डी५च्या नावाखाली विकला गेलेला पंप

वॉटर-कूलिंग केलेल्या संगणकात पंखा बिघडला तर तो दिसतो आणि चार स्क्रू काढून बदलता येतो, पण पंप बिघडला तर सगळा लूप, म्हणजे पाणी फिरवणारा नळ्यांचा बंद मार्ग, रिकामा करून नळ्या सोडवाव्या लागतात. त्यामुळे पंप घेताना बहुतेक जण थोडे जास्त पैसे मोजतात आणि नावाजलेले मॉडेल निवडतात. मीही तेच केले होते. मला पंप विकणाऱ्याचा धंदा नेमका या सवयीवर चालतो, म्हणून ही हकीकत सविस्तर लिहीत आहे.

डी५ हा मूळ लेइंग कंपनीचा पंप. ही कंपनी पुढे आयटीटी उद्योगसमूहात गेली आणि २०११ मध्ये त्या समूहातून वेगळ्या झालेल्या झायलेमकडे आली. वॉटर-कूलिंगचे सामान विकणाऱ्या अनेक कंपन्या हाच पंप घेऊन त्यावर स्वतःचे वेष्टण आणि स्वतःचे लेबल चढवतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र यामुळे अस्सल डी५ दहा वेगवेगळ्या चेहऱ्यांनी बाजारात फिरतो आणि अकरावा चेहरा पाहून कोणालाही संशय येत नाही. लेबलावरून अस्सलपणा ठरवता येत नाही याचे मूळ कारण हेच आहे.

माझ्या विक्रेत्याच्या जाहिरातीत हाच पंप नवा, सीलबंद आणि ‘अतिशांत’ म्हणून दिला होता. छायाचित्रे खऱ्या पंपाची होती आणि आकडेही खऱ्या पंपाचे होते: तासाला १५०० लिटर प्रवाह, सुमारे ३.९ मीटर उंची (पंप पाणी जास्तीत जास्त जितके वर चढवू शकतो ती), २३ वॅट, मागच्या डायलवर १ ते ५ अशा पायऱ्या आणि मिनिटाला १८०० ते ४८०० फेरे. शिवाय ‘आवाज २५ डेसिबलपेक्षा कमी’ अशी एक ओळ होती. तो आवाज किती अंतरावरून मोजला, हे मी खरेदीपूर्वी लेखी विचारले होते, कारण मोकळ्या जागेत मायक्रोफोन दहा सेंटिमीटरवरून एक मीटरवर नेला की आकडा जवळजवळ वीस डेसिबलने उतरतो आणि अंतर न सांगता दिलेल्या डेसिबलला काहीच अर्थ उरत नाही. उत्तर आले ते ‘आमचे सर्व ग्राहक समाधानी आहेत’ असे.

पंप आला तेव्हा खोक्यात, लेबलात, डायलमध्ये कुठेही खोट काढता येत नव्हती. लूप भरल्यावर सुरुवातीचे बुडबुडे निघून जाईपर्यंत कोणताही पंप कुरकुरतो, त्यामुळे पहिल्या आवाजाकडे फारसे लक्ष देण्याचे कारण नसते. पण हवा पूर्ण निघाल्यावर, संगणक तिरपा करून, हलवून, पुन्हा पाणी भरून झाल्यावरही एक बारीक टकटक कायम राहिली. पंपाखाली जाड फोम ठेवला तेव्हा केसमधून येणारी घरघर थांबली आणि टकटक उलट अधिकच स्पष्ट ऐकू येऊ लागली. केस थरथरल्याने होणारा आवाज आणि पंपाच्या आतून येणारा आवाज यांत फरक करण्याची ही सोपी रीत आहे. फोमने जो आवाज जातो तो बसवणीचा असतो, आणि जो राहतो तो बेअरिंगचा किंवा अडकलेल्या हवेचा असतो.

विक्रेत्याने आधी हवेला दोष दिला, मग कूलंटला (लूपमधल्या द्रवाला), मग पॉवर सप्लायला. पंप परत घेण्याचा विषय निघाला की मात्र तो ताकास तूर लागू देत नसे. दरम्यान परत करण्याची मुदत उलटून गेली आणि अर्थातच हे वेळकाढूपणाचे उत्तर-प्रत्युत्तर त्यासाठीच चालले होते. त्यानंतर काही काळातच पंप मधूनमधून सुरू होईनासा झाला.

तेव्हा लूप रिकामा करून मी पंपाचा टॉप, म्हणजे वरचे झाकण, काढला. खऱ्या डी५मध्ये टॉप काढल्यावर वाटीसारखा रोटर (फिरणारा भाग) दिसतो आणि तो बोटांनी ओढला की चुंबकाचा विरोध जाणवून अलगद हातात येतो. खाली सिरॅमिकची एक छोटी गोळी असते आणि रोटर तिच्यावरच तोललेला फिरतो. मोटरमध्ये आरपार जाणारा शाफ्ट नसतो, त्यामुळे गळणारे सीलही नसते. गोळी थोडी झिजली तरी रोटर तेवढाच खाली बसतो आणि सैल पडून खडखडत नाही. या पंपाच्या शांतपणाची आणि दीर्घायुष्याची सारी कीर्ती या रचनेवर उभी आहे. माझ्या हातात जो आला तो साधा नळकांड्यासारखा रोटर होता. तो एका बारीक दांड्यावर बसवलेला होता आणि दांड्याच्या टोकाला प्लास्टिकची बुश होती. रोटर दांड्यावर ठेवून हलवला तर तो डावीकडे-उजवीकडे स्पष्ट हलत होता आणि बुशचे भोक एका बाजूने झिजून लांबट झाले होते. टकटक कुठून येत होती ते डोळ्यांना दिसले. शे-दोनशे लिटर पाणी खेळवणाऱ्या मत्स्यटाकीच्या पंपात अशी रचना चालून जाते आणि तिथे ती वाईटही नाही. पण बाहेरून डी५चे कवच आणि आत हे, म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मग मी विजेचे मोजमाप घेतले. पंपाच्या मोलेक्स जोडणीतली पिवळी तार १२ व्होल्टची असते आणि तिच्यात मल्टिमीटर मालिकेत जोडला की पंप किती अँपिअर ओढतो ते कळते. २३ वॅट म्हणजे सुमारे १.९ अँपिअर. हा पंप डायल ५ वर ठेवून, त्याच्या दोन्ही नळ्या पाण्यात बुडवून, ०.७ अँपिअरच्या पुढे जाईना, म्हणजे जेमतेम साडेआठ वॅट. मदरबोर्डवर दिसणारे फेरेही ३००० च्या आसपास अडकले होते. फेऱ्यांच्या प्रमाणात प्रवाह घटतो, पण पाणी ढकलण्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. एकाच पंपाचे फेरे ४८०० वरून ३००० वर आणले तर दाब चाळिसेक टक्केच उरतो, आणि अरुंद फटींचे वॉटर ब्लॉक (चिपवर बसवून तिची उष्णता पाण्यात घेणारे ठोकळे) व रेडिएटर यांतून पाणी रेटायला तोच दाब लागतो.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तासाला १५०० लिटर हा आकडा खऱ्या पंपाचाही लूपमध्ये कधी दिसत नाही, कारण सर्वाधिक प्रवाह कोणताही अडथळा नसताना आणि सर्वाधिक उंची प्रवाह शून्य असताना मोजलेली असते. एवढ्या प्रवाहाची गरजही नसते. तीनशे वॅट उष्णता वाहून नेणारे पाणी मिनिटाला चार लिटर वाहत असेल तर लूपमध्ये त्याचे तापमान सुमारे एक अंशाने वाढते आणि प्रवाह निम्मा झाला तर सुमारे दोन अंशांनी. म्हणूनच शांतता हवी असणारे लोक अस्सल पंप २ किंवा ३ वर चालवतात. मोठे आकडे छापून भुरळ घालणाऱ्यांना हे ठाऊक असते. खोटा पंप कमी प्रवाह देत असला तरी संगणक थंडच राहतो, तक्रार उशिरा होते आणि तोवर मुदत संपते.

हे सारे कळवल्यावर विक्रेत्याने लिहिले की तुम्ही पंप कोरडा चालवला, त्यामुळे आतली सिरॅमिकची गोळी खराब झाली, सबब वॉरंटी नाही. ही तर चोराच्या उलट्या बोंबा झाल्या. डी५चे बेअरिंग पाण्यानेच वंगण घेते आणि कोरडे चालवल्यास ते खरोखर खराब होते. त्यामुळे ही सबब ऐकणाऱ्याला पटते आणि ग्राहकाला ती खोडून काढता येत नाही. पण या पंपात गोळीच नव्हती. उघडलेल्या पंपाचे छायाचित्र पाठवून मी एवढेच विचारले की यात गोळी कुठे आहे ते खूण करून दाखवा. त्यानंतर त्याच्याकडून उत्तर आले नाही.

नवा पंप घेणाऱ्याने लूपमध्ये जोडण्याआधीच तो उघडावा. टॉप काढायला स्क्रू काढावे लागत असले तरी रबराची ओ-रिंग जागेवर बसवून तो पुन्हा बंद करता येतो. सील फोडण्यापासून रोटर बाहेर काढण्यापर्यंतचे चित्रीकरण एकाच सलग तुकड्यात करावे आणि त्यात लेबलावरचा अनुक्रमांक वाचता येईल असा दिसावा. रोटरखाली पांढरट क्षार, हिरवट डाग किंवा जुन्या रंगीत कूलंटची छटा आढळली तर पंप अस्सल असला तरी वापरलेला आहे. त्यानंतर भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घेऊन, दोन्ही नळ्या त्यात बुडवून, संगणकाचा कोणताही भाग न जोडता फक्त पंपाला वीज देऊन अँपिअर आणि फेरे डायलच्या प्रत्येक पायरीवर पाहावेत. पायरी बदलली की दोन्ही आकडे बदलले पाहिजेत. डीडीसी प्रकारचा (वॉटर-कूलिंगमधला दुसरा, आकाराने लहान) पंप असेल तर तळ तापतो, ते सदोष असल्याचे लक्षण नव्हे. त्या पंपाला तळाशी हवा खेळती लागते, एवढेच.

तक्रार करतानाही शब्द जपून निवडावेत. ‘पंप बिघडला’ असे लिहिले की प्रकरण वॉरंटीच्या खात्यात जाते आणि तिथे कोरडा चालवल्याची सबब तयारच असते. माझी पहिली तक्रार त्याच कारणाने फेटाळली गेली. नंतर कार्डाच्या बँकेकडे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाखाली दावा केला. त्यात बिघाडाचा उल्लेखही केला नाही. फक्त जाहिरातीची प्रत, रोटरचे छायाचित्र आणि मल्टिमीटरवरचा आकडा एकाखाली एक ठेवले. पंप कसा वापरला, हा प्रश्न बँकेने विचारला नाही, आणि पैसे परत मिळाले. विक्रेत्याचे ते खाते आता बंद आहे, पण तीच छायाचित्रे आणि तीच २५ डेसिबलची ओळ दुसऱ्या नावाच्या खात्यावर मला दिसली आहे.