इरावतीबाईंचे ललितलेख: वर्षभर उशाशी ठेवल्यानंतरचा अनुभव

इरावती कर्वे म्हणजे महाभारतातल्या माणसांवरचं ‘युगान्त’, एवढ्यावर ज्यांची ओळख थांबली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मी बोलणार आहे ते त्यांच्या ललितलेखांबद्दल. ‘परिपूर्ती’ (१९४९), ‘भोवरा’ (१९६४) आणि त्या गेल्यावर १९७२ साली आलेलं ‘गंगाजल’. कॉलेज सुरू होताना घेतली होती, आता परीक्षा संपल्या तरी तिन्ही पुस्तकं कपाटात गेलेली नाहीत.

मी मानवशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्या अभ्यासक्रमात बाई येतात त्या अगदी वेगळ्या रूपात. १९५३चं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’, त्यातले उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे नातेसंबंधांचे चार पट्टे, मामाच्या मुलीशी लग्न कुठं चालतं आणि कुठं पाप मानतात, नात्यांच्या शब्दांच्या लांबलचक याद्या. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. शिवाय आम्हाला पहिल्या सत्रापासून बजावलेलं असतं की अहवालात ‘मी’ नको, ‘असे आढळून आले’ म्हणायचं. आणि याच शास्त्रातली एवढी मोठी बाई ललितलेखात बिनदिक्कत ‘मी’ म्हणते, चिडते, हिरमुसते, स्वतःला चिमटे काढते! पहिले काही दिवस मी चोरून वाचल्यासारखी वाचत होते.

सुरुवात केली ‘परिपूर्ती’ या शीर्षकलेखापासून, आणि तिथंच ठिणगी पडली. एका समारंभात बाईंची ओळख करून देतात: अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, प्राचार्य कर्व्यांची पत्नी. बाईंना वाटत राहतं की काहीतरी राहिलं. मग रस्त्यावरची पोरं त्यांना पाहून एकमेकांना सांगतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. झाली ओळख पूर्ण! बर्लिनला जाऊन डॉक्टरेट केलेल्या, डेक्कन कॉलेजात विभाग उभा करणाऱ्या बाईची परिपूर्ती ही? हॉस्टेलवर मी हा लेख मोठ्यानं वाचला तेव्हा दोघींनी कपाळावर हात मारला. एक मैत्रीण म्हणाली, अगं हा उपहास आहे, नीट वाच. मी नीट वाचला, पुन्हा पुन्हा वाचला. उपहास समारंभाला आहे, पोरांना नाही. पोरांचं बोलणं बाईंना खरंच सुखावून गेलंय. माझी प्रत फुटपाथवरून घेतलेली जुनी आहे. तिच्यात आधीच्या कुणा वाचकानं याच जागी पेन्सिलीनं ‘वा!’ लिहिलंय. मला अजूनही ‘वा’ म्हणावंसं वाटत नाही. पण एक मानलं: आपल्याला काय वाटायला हवं होतं ते या बाई लिहीत नाहीत, काय वाटलं ते लिहितात आणि आपली शोभा होईल का याचा हिशेब करत नाहीत. हल्ली मनमोकळं लिहिणं म्हटलं की लफडी, व्यसनं, घटस्फोट अशी अपेक्षा असते. त्यातलं इथं काही नाही. त्यासाठी घेणार असाल तर पैसे वाया जातील.

सासऱ्यांवरचा ‘आजोबा’ हा लेख मात्र वाचाच. महर्षी कर्वे म्हणजे हिंगण्याचा आश्रम, १९१६चं महिला विद्यापीठ, शंभरीत मिळालेलं भारतरत्न. शाळेत आम्ही त्यांच्यावर निबंध लिहिलेत, सगळे एकाच साच्यातले. सुनेनं लिहिलेला हा लेख त्या साच्यात बसत नाही. अशा माणसाची सून झाले हे माझं भाग्य आणि बायको झाले नाही हे त्याहून मोठं भाग्य, अशा अर्थाचं बाई लिहून जातात. आदर तसूभरही कमी नाही, आणि संस्था उभी राहताना घरच्या माणसांना काय सोसावं लागतं त्यावर पांघरूणही नाही. आमच्याकडे थोर माणसांवर असं लिहिलं की लोक अंगावर येतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आता ‘वाटचाल’. या एका लेखासाठी मी हे सगळं लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल.

बाई पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातात. घर सुधारकांचं, श्रद्धेपेक्षा परंपरेचं अगत्य जास्त. चालता चालता अभंग, ऊन, पाऊस, चिखल, बायकांच्या गप्पा, यात त्या रमतात. ज्या मुलखातली माणसं पंढरीला येतात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची एक नवी व्याख्या त्यांना सापडते. ही व्याख्या सगळे उचलतात, भाषणांत वापरतात. तिच्या आसपास जे लिहिलंय ते कमी जण उचलतात. दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणं वेगवेगळी. दिवसभर तोंडी एकच अभंग आणि जेवायच्या वेळी दोन पंगती! बाईंना ते टोचतं. त्या मराठा बायकांबरोबर जेवतात, मग त्या बायका मोकळ्या होतात, हात धरून चालतात, ताई म्हणतात, पुण्याला तुमच्याकडे येऊ म्हणतात. तेव्हा एक तरुण पोर विचारते की आत्ता वागताय तशाच तेव्हा वागाल ना? हा प्रश्न वर्मी लागला एवढं बाई सांगतात, आणि हजारो वर्षं शेजारी राहूनही त्या आमच्या झाल्या नाहीत, आम्ही त्यांच्या झालो नाही, असं कबूल करतात. ‘वागेन की’ असं काही नाही. स्वतःची बाजू सावरायची आयती संधी होती, ती त्यांनी घेतली नाही.

आता माझी अडचण अशी की मी हा लेख दुसऱ्या पंगतीत बसून वाचते. बाईंचा जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला. सातव्या वर्षी पुण्यात हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढल्या. आमचं गाव कोयनेचं, धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेलं. आजी माळकरी, गुडघे चालत होते तोवर वारी कधी चुकवली नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला ‘वाटचाल’ वाचून दाखवला. चिखलाचं आणि मुक्कामाचं वर्णन ऐकून ती खूश झाली, मधेमधे दुरुस्त्याही करत होती. त्या मुलीच्या प्रश्नापाशी मी थांबले. आजी म्हणाली, “मंग? गेल्या का न्हाई त्या बाया पुन्याला?” म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही गं. ती म्हणाली, “न्हाईच गेल्या आसनार. पत्ता कुटं दिलाय बाईनं?”

वर्गात या लेखावर दोन तास चर्चा झाली होती. भक्ती, जात, प्रबोधन सगळं झालं, पत्त्याचा विषय कुणी काढला नव्हता.

तेव्हापासून मी हे लेख वेगळ्या कानानं वाचते. समोरचं माणूस उलट प्रश्न विचारतं, तिथं बाईंचं लिखाण चढतं. जिथं बाई एकट्याच बोलतात तिथं शैली राहते, पण मी पानं उलटायला लागते. ‘भोवरा’ मला म्हणूनच फारसं लागलं नाही, अर्धं वाचून ठेवलंय. ‘गंगाजल’मधला ‘बॉयफ्रेंड?’ हा विठोबावरचा लेख गमतीदार आहे, शीर्षकातल्या प्रश्नचिन्हासकट. एसटीत वाचताना शेजारच्या काकूंनी शीर्षक पाहून माझ्याकडे जे पाहिलं ते विसरणार नाही.

या पुस्तकांना तारे देताना एक तारा कापतेय, त्याचं कारण सांगते. बर्लिनमध्ये बाईंनी कवट्या मोजल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर वंशशास्त्रातलं बडं प्रस्थ. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडता येतो ही फिशर यांची धारणा, आणि बाईंच्या मोजमापांत ते उतरलं नाही. तसं लिहून त्या १९३० साली परत आल्या. धाडसच ते. पण मोजपट्टी पुढंही हातात राहिली. मराठ्यांच्या शरीरमापनावर त्यांचं १९४८चं काम आहे. समोर बसलेल्या माणसाचं डोकं कॅलिपरमध्ये, म्हणजे मोजायच्या चिमट्यात धरताना त्यानं काहीतरी विचारलंच असणार: कशाला मोजता, याचं काय करणार, मला काय मिळणार? पालखीतल्या पोरीचा प्रश्न कानात साठवणाऱ्या लेखिकेकडून मला हे प्रश्नही ऐकायचे होते. कोयनेच्या विस्थापितांचं सर्वेक्षणही त्यांनीच केलं, लेक जाई निंबकर यांच्यासोबत, १९६९ साली ते प्रसिद्ध झालं. ग्रंथालयात ते हाती घेतलं तेव्हा आधी आमच्या गावाचं नाव शोधलं, हे ओघानं आलंच. सर्वेक्षण सर्वेक्षणासारखंच असणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या फिरतीवर एक ‘वाटचाल’ झाला असता तर तो मी पाठ केला असता.

वापर म्हणाल तर एक ठोस फरक पडला. फील्ड डायरी आता मी दोन बाजूंनी लिहिते. डाव्या पानावर घरं, माणसं, शेती, नाती. उजव्या पानावर मला कुणी काय विचारलं आणि मला काय उत्तर सुचलं नाही. आमच्या मॅडमनी चाळून पाहिली. म्हणाल्या, उजवं पान अहवालात घालू नकोस, पण फाडूही नकोस.

नव्यानं वाचणाऱ्यांनी ‘वाटचाल’पासून सुरू करा, मग ‘आजोबा’. ‘परिपूर्ती’ हा लेख तिसरा घ्या. पहिला घेतलात तर माझ्या मैत्रिणींसारखं तिथंच बंद कराल. लेखांमागचं आयुष्य जाणून घ्यायचं असेल तर नात ऊर्मिला देशपांडे आणि तियागो पिंटो बार्बोसा यांचं ‘इरू’ हे इंग्रजी चरित्र २०२४ साली आलंय, बर्लिनचा भाग त्यात सविस्तर आहे. ते मात्र लेख वाचून झाल्यावरच उघडा, म्हणजे ‘वाटचाल’मधल्या बाईंशी आधी तुमची स्वतःची ओळख झालेली असेल.