रावेन्नात अर्धा दिवस: सान व्हिताले की क्लासे?

इटलीत बोलोन्याहून सकाळच्या गाडीने रावेन्नाला जायचं आणि संध्याकाळी परतायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. तेवढ्या वेळात शहरातलं सान व्हिताले आणि शहराबाहेरचं सान्तापोलिनारे इन क्लासे ही दोन्ही चर्च उरकता येतात. पण उरकण्यापेक्षा एकालाच नीट वेळ द्यावा, असं मला वाटतं. दोन्हींचं पवित्रीकरण बिशप मॅक्सिमिआनच्याच हातून झालं, ५४७ आणि ५४९ साली. मोझेकच्या, म्हणजे रंगीत काच-दगडांचे बारीक तुकडे जोडून केलेल्या भित्तिचित्रांच्या, दर्जात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

सान व्हितालेला लोक येतात ते बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांच्या चित्रांसाठी, आणि ते योग्यच आहे. वेदीच्या डाव्या हाताला जस्टिनियन, उजव्या हाताला थिओडोरा. दोघं समोरासमोर असल्यामुळे एका जागी उभं राहून दोन्ही चित्रं नीट दिसत नाहीत. जे पाहायचं त्याच्या विरुद्ध बाजूला सरकावं लागतं. जस्टिनियनशेजारच्या मॅक्सिमिआनच्या डोक्यावर त्याचं नाव लिहिलेलं आहे. थिओडोराच्या झग्याच्या काठावर बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष आहेत, ते सहज नजरेतून सुटतात. सोनेरी तुकड्यांमध्ये काचेच्या दोन थरांत सोन्याचा वर्ख असतो आणि तुकडे मुद्दाम थोडे तिरके बसवलेले असतात. म्हणून उभं राहून पाहू नका, हळूहळू चाला. पदर हलला की पैठणीची जर उजळते, तशी भिंत उजळत जाते. मधल्या घुमटावरची अठराव्या शतकातली चित्रं मात्र या सगळ्यात उपरी वाटतात.

खरी अडचण आहे आवारातल्या, रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाच्या नावाच्या छोट्या स्मारकात. सान व्हितालेइतकंच त्याचंही आकर्षण असतं, पण आत जायला ठरलेली वेळ घ्यावी लागते आणि जेमतेम पाच मिनिटं मिळतात. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या पातळ शिळा आहेत, त्यामुळे आत मधाच्या रंगाचा मंद उजेड. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरल्यावर डोळे सरावायलाच दोन-तीन मिनिटं जातात. तोवर गडद निळा आणि त्यात सोनेरी ठिपके, एवढंच दिसतं. पाण्यावर आलेली हरणं, छतातल्या ताऱ्यांची वर्तुळं, दारावरचा मेंढपाळ ख्रिस्त स्पष्ट व्हायला लागतात, तेवढ्यात बाहेर पडायची वेळ होते. पाचव्या शतकातलं इतकं नाजूक काम, तेही जमीन मूळ पातळीपेक्षा सुमारे दीड मीटर वर आल्यामुळे डोळ्यांच्या इतकं जवळ, आणि बघायला उसंत नाही, याची फार चुटपुट लागते. नियम जपणुकीसाठी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्यापुरता निर्णय मात्र तिथेच झाला: क्लासे.

तरीही जाणार असाल तर रांगेत गॉगल लावून ठेवा, तो दारात काढा, आणि त्याआधी फोनच्या पडद्याकडे पाहू नका. आत गेल्यावर आधी छत पाहा. मेंढपाळ दाराच्या वर आहे, तो मागे वळल्याशिवाय दिसत नाही.

क्लासेला मिनिटांचं बंधन नाही. चोवीस संगमरवरी खांब, मोठ्या खिडक्या, आणि समोर अर्धघुमटात हिरवंगार कुरण. त्यात हात पसरून उभे संत अपोलिनारिस, पायाशी बारा मेंढरं. वर निळ्या वर्तुळात रत्नजडित क्रूस आणि नव्व्याण्णव तारे. क्रूसाच्या मध्यावर ख्रिस्ताचा चेहरा आहे, पण तो खालून अगदीच बारीक दिसतो. आठपट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण नक्की न्या. वेदी पूर्वेकडे असल्यामुळे सकाळी अर्धघुमटाखालच्या खिडक्यांतून ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि मोझेक काळवंडतं. दुपारनंतर उजेड पाठीमागून येतो, तेव्हा जा. फोनवर फोटो काढताना सोनेरी भागावर बोट टेकवून उजेड कमी करा, नाहीतर सोनं पांढरं येतं.

उणिवा आहेत. बाजूच्या भिंती उघड्याबोडक्या आहेत, कारण त्यांवरचा संगमरवर पंधराव्या शतकात रिमिनी शहराचा सत्ताधीश मालातेस्ता याने तिथल्या बांधकामासाठी नेला. तिकीट वेगळं काढावं लागतं. रावेन्नाहून रेल्वेने एकच स्टेशन, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. परतीची वेळ आधीच पाहून ठेवा आणि कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी यंत्राचा शिक्का मारा. नाहीतर रावेन्ना स्टेशनवरून ४ नंबरची बस आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे तो वेळ टाळा.

बायझंटाइन राजकारणाची गोडी असेल, जस्टिनियनचा चेहरा पाहायचाच असेल, तर सान व्हितालेला पर्याय नाही, हे मान्य. लहान मुलं किंवा चालायला त्रास होणारं कुणी सोबत असेल, तरी शहरातलंच सोपं पडेल. बाकीच्यांनी जेवण उरकून क्लासेची गाडी धरावी, असं मी सुचवेन. पुढच्या बाकांवर बसा आणि दुर्बिणीने एकेक मेंढरू पाहा.