सी मध्ये एसिन्ह: तयार फंक्शन घ्यावे की सूत्र स्वतः लिहावे?

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत एसिन्ह, एकॉश, एटॅन्ह ही व्यस्त हायपरबोलिक फंक्शन्स हवी असली की तीन वाटा समोर येतात: मॅथ.एच या हेडर फाइलमधली तयार फंक्शन्स, पाठ्यपुस्तकातले लॉगचे सूत्र, आणि लॉग१पी (लॉग(१ + क्ष) अचूक काढणारे फंक्शन) वापरून जपून लिहिलेला स्वतःचा कोड. तिन्ही वापरून पाहिल्यावर माझा कल तयार फंक्शन्सकडे झुकला, आणि त्याला मुख्यतः एकच गोष्ट कारणीभूत आहे.

ती गोष्ट म्हणजे ऋण संख्या. एसिन्हचे सूत्र सगळ्यांना पाठ असते: लॉग(क्ष + वर्गमूळ(क्ष² + १)). धन क्षला ते बऱ्यापैकी चालते. क्ष ऋण आणि मोठा असला की कंसात जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी होते आणि डबल या दशांश संख्यांच्या प्रकारातले बहुतेक अंक तिथेच गळून पडतात. क्ष उणे दहा लाख असताना उत्तर -१४.५०८६५८ हवे, सूत्र -१४.५०८६५० देते. उणे एक कोटीला -१६.८११२ च्या जागी -१६.८०५४ येते. उणे दहा कोटीला क्ष² मध्ये मिळवलेला १ डबलमध्ये मावतच नाही, कंसातली बेरीज शून्य होते आणि लॉग उणे अनंत सांगतो. अनंत निदान डोळ्यांत भरते. -१६.८०५४ मात्र अगदी खरे वाटते, कंपायलर काही बोलत नाही, आणि चूक पुढच्या हिशेबात तशीच उतरते. मला हेच सर्वात खटकते.

दुसऱ्या टोकालाही हेच. एक भागिले हजार कोटी एवढा लहान क्ष दिला तर १ मध्ये मिळवतानाच त्याचे शेवटचे अंक जातात आणि उत्तराचे पहिले आठेक अंकच बरोबर उरतात. क्ष १ वर २०० शून्ये एवढा असला तर वर्गच डबलबाहेर जातो. उत्तर खरे तर फक्त ४६१.२१ आहे.

स्वतः लिहायचेच असेल तर आधी एफएबीएसने चिन्ह काढा आणि शेवटी कॉपीसाइनने परत लावा. चिन्ह काढलेल्या संख्येला अ म्हटले तर मधल्या पट्ट्यात लॉग१पी(अ + अ² / (१ + वर्गमूळ(अ² + १))) घ्या. अ २ च्या २८व्या घातापेक्षा मोठा असला तर लॉग(अ) + लॉग(२) पुरते. एकॉशला ट = क्ष − १ धरून लॉग१पी(ट + वर्गमूळ(२ट + ट²)), म्हणजे १ च्या जवळ अचूकता टिकते; फार मोठ्या क्षला पुन्हा लॉग(क्ष) + लॉग(२). एटॅन्हला चिन्ह काढून ०.५ × लॉग१पी(२अ / (१ − अ)). हे सगळे नीट चालते. फक्त लॉग१पी आणि कॉपीसाइन सी मध्ये आली तीही सी९९ या १९९९ च्या मानकातच, आणि एसिन्हही त्याच मानकात आले. ती दोन्ही हाताशी असतील तर एसिन्हही बहुधा असतेच. मग हा खटाटोप कशासाठी, असे मला वाटते.

तयार फंक्शनच्या अडचणी किरकोळ आहेत. लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला -एलएम (गणिताची लायब्ररी जोडण्याचा पर्याय) द्यावे लागते, आणि तेही सोर्स फाइलच्या नंतर. नाहीतर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येते. जुन्या सी८९ मोडमध्ये कंपाइल केले तर ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचे हेडर एसिन्ह जाहीरच करत नाही, कंपायलर इंट परतावा गृहीत धरतो आणि उत्तर कचरा येते, म्हणून फंक्शन जाहीर नसल्याची वॉर्निंग चालू ठेवा आणि ती आली तर सोडू नका. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ही फंक्शन्स व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ पासून आहेत. एकॉशला १ पेक्षा लहान किंवा एटॅन्हला १ च्या पलीकडचा क्ष दिला तर नॅन (‘संख्या नाही’ असे मूल्य) मिळते, एटॅन्हला नेमका १ दिला तर अनंत. चुकीचा संकेत ठेवणारे एररनो प्रत्येक लायब्ररी भरतेच असे नाही, तेव्हा इझनॅन आणि इझइन्फने तपासलेले बरे.

एका बाबतीत मात्र तयार फंक्शन कमी पडते. वेगवेगळ्या लायब्ररींची उत्तरे शेवटच्या बिटात जुळतीलच असे नाही. दोन मशीनवर बिट न् बिट सारखा निकाल हवा असेल तर सन मायक्रोसिस्टिम्सची एफडीलिबएम ही गणिताची लायब्ररी प्रकल्पात घ्या. कॉपीराइटची सूचना तशीच ठेवली की तिचा कोड मोकळेपणाने वापरता येतो. पण त्यातले एकटे एसिन्ह उचलू नका. लॉग आणि लॉग१पीही तिथलेच घ्या, नाहीतर फरक त्या वाटेने पुन्हा आत येतो.